पोटातला मंत्र

नालुबूने फळी आणली ती भर सकाळी, सगळं गाव जागं असताना, चार माणसांच्या खांद्यावरून. तोबागीच्या घरासमोर ती ठेवली, स्वतः खाली बसला आणि चुन्याच्या भोपळ्यात सावकाश काडी बुडवू लागला. हे त्याने मुद्दाम केलं होतं. गुपचूप आणली असती तर तोबागीला नाही म्हणायला जागा राहिली असती. आता शेजारच्या बायका कोनफळं सोलायच्या थांबून बघत होत्या.

"नवी होडी झाली," नालुबू म्हणाला. "पुढच्या टोकाची, नाळेवरची फळी कोरायची तेवढी राहिलीय."

"माझी पाठ दुखते रे हल्ली," तोबागी म्हणाला.

"गेल्या खेपेला डोळ्यात कुसळ गेलं होतं. त्याच्या आधी अंगठा सुजला होता. तुझा एकेक अवयव माझ्या लक्षात आहे. आता दुखायचा कोणता शिल्लक राहिलाय तेवढं सांग, म्हणजे तो बरा होईपर्यंत आम्ही इथेच बसतो."

बायका हसल्या. तोबागीही हसला, कारण हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"क्वाबिलाला विचारायचं होतं..."

"क्वाबिला मेला. त्याच्या मयताचं डुक्कर तूच माझ्या शेजारी बसून खाल्लंस. त्याच्या भाच्याने काही घेतलं नाही, तो तिकडे अलोटाउ शहरात टॅक्सी चालवतो. या अख्ख्या कितावा बेटावर पोटात मंत्र असलेला एकच कारागीर उरलाय, आणि त्याची पाठ दुखते." नालुबू उठला, धोतरासारखा गुंडाळलेला पंचा झटकला आणि जाता जाता म्हणाला, "नाळेपाशी तुझा इसाया बसणार आहे. तेव्हा काम नीट करशील याची मला काळजी नाही."

इसाया तोबागीच्या बहिणीचा मुलगा. तिशीचा, दोन लेकरांचा बाप. आमच्याकडे माणसाचं जे काही असतं ते भाच्याला जातं, आणि इसाया गेली पाच वर्षं मामाच्या घरी लाकूडफाटा, नारळ, मासळी आणून टाकत होता ते काही उगाच नाही. तोबागीच्या पोटात जे आहे त्यावर त्याचा डोळा होता, आणि तो असायलाच हवा होता.

अडचण एवढीच होती की तोबागीच्या पोटात काही नव्हतं.

ही गोष्ट तो बावीस वर्षं एकट्याने सांभाळत आला होता. लाकूड कोरणारे किताव्यावर ढीगभर आहेत. ज्याच्या हातात पटाशी आली तो कोरतो. वाडगे, काठ्या, डुकरं, कासवं, पर्यटकांची बोट आली की किनाऱ्यावर बाजार मांडायचा. त्यांना कुणी हसत नाही, पण त्यांना होडीची फळी कुणी देत नाही. ती फळी करायची तर मामाने पहाटे झऱ्यावर नेऊन, उपाशीपोटी, मंत्र घातलेली सुपारी खाऊ घातलेली असावी लागते. ती पोटात गेली की तिथेच राहते, आणि मग हाताला जे सुचतं ते पोटातून सुचतं. हात काय, नुसती पळी आहे. भांड्यात असेल तेच पळीत येणार.

तोबागी मोरुबिया मामाकडे अकरा वर्षं शिकला. वाकस कसा धरायचा, पटाशी कुठल्या अंगाने फिरवायची, गेरू कशात कालवायचा, सगळं शिकला. मंत्र मात्र मामा पुढच्या वर्षावर ढकलत राहिला. म्हातारे असंच करतात. सगळं एकदम दिलं तर भाचा उद्यापासून लाकडं आणून टाकेल का? मग एका पावसाळ्यात मामाचं अर्धं अंग गेलं. तोंड वाकडं झालं, जीभ वळेना. तीन दिवस तो तोबागीच्या कानाशी तोंड नेऊन काही तरी म्हणत होता, आणि त्यातला एक शब्द तोबागीला कळला नाही. चौथ्या दिवशी मामा गेला. तोबागी डोळे पुसत बाहेर आला तेव्हा दारात गाव उभं होतं. कुणी तरी विचारलं, "दिलं ना?" त्याने मान खाली घातली. रडणारा माणूस मान खालीच घालतो, पण गावाने ती मान हलली असं धरलं.

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. आठवड्याने सांगणं जड गेलं. महिन्याने तर बेटावरच्या लोकांनी त्याच्याशी बोलताना आवाज खाली आणायला सुरुवात केली होती, आणि तेवीस वर्षांच्या माणसाला ते आवडतं.

फळी तो टाळत आला. त्याच्या नावावर काठ्या आणि वाडगे दुप्पट भावाने जात, घरावर पत्रे आले, बायकोच्या दाताचा इलाज झाला. पण होडीची फळी त्याने कधी हातात घेतली नाही, कारण ती कशासाठी असते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. होड्या बेटोबेटी शंखाच्या कड्यांच्या देवघेवीला जातात, आणि पलीकडच्या बेटावर मोठी कडी राखून बसलेला माणूस किनाऱ्यावर उभा असतो. होडी जवळ येते, त्याची नजर फळीवर पडते, त्याचे गुडघे ढिले होतात, आणि जे कडं द्यायचं नाही असं तो घरून ठरवून आलेला असतो तेच त्याच्या हातून सुटतं. हे झालं पोचल्यावरचं. वाटेत समुद्रावर उडत्या बायका, चेटकिणी, असतात. त्यांची नावं घेत नाहीत. होडी बुडाली की त्या पोहणाऱ्याचे आधी डोळे खातात आणि मग जीभ. जिवंत फळी त्यांची नजर भुलवते. मेलेली फळी म्हणजे नुसतं लाकूड, ते त्यांना दिसतच नाही.

आठ वर्षांपूर्वी पलीकडच्या गावाने घाई केली आणि मंत्र नसलेल्या एका पोराकडून फळी करून घेतली. त्या होडीतले सहाजण गेले, एक परत आला. तो अजून समुद्राकडे पाठ करून बसतो. त्या होडीच्या दोऱ्या जुन्या आणि कुजक्या होत्या हेही सगळ्यांना माहीत होतं, पण दोऱ्यांचं नाव कुणी काढलं नाही.

नालुबू फळी ठेवून गेला त्या दिवशी तोबागीला जेवण गेलं नाही. फळी दारात पडून होती. तिच्याकडे पाहिलं की त्याला इसायाचे डोळे आठवत.

*

घरामागे नारळीच्या झापांचा आडोसा करून त्याने काम सुरू केलं. बाईने तिकडे फिरकायचं नाही, कुणी लाकूड ओलांडायचं नाही, माशाचं डोकं खायचं नाही, डुकराची आतडी खायची नाहीत. हे नियम तो बावीस वर्षं पाळत होता, आणि खरा मंत्रवाला पाळणार नाही इतक्या कडकपणे पाळत होता. क्वाबिला तर आतडी मिटक्या मारत खायचा. तोबागीला वाटे, मंत्र नाही तर निदान उपास तरी भरपूर असावा.

"इतका वाळलास की फळी कोण आणि तू कोण कळेना," बायको बोमावी आडोशापलीकडून म्हणाली. "नुसतं कोनफळ खाऊन हातात ताकद कुठून येणार?"

"ताकद लागत नाही त्याला."

"मग काय लागतं?"

पटाशी चालूच होती. आणि भीतीची गोष्ट ही होती की ती फार चांगली चालली होती. फळीवरची वळणं पाण्यासारखी एकातून एक निघत होती. एकदाही पटाशी घसरली नाही. पहिल्या आठवड्यात त्याने मनोमन इच्छा केली होती की फळी तडकावी, पण तडकली नाही. साप झाला, पक्षी झाला, खालच्या अंगाची लाट झाली. गेरू, कोळसा, चुना भरून झाल्यावर तो चार पावलं मागे गेला आणि त्याने पाहिलं. क्वाबिलाच्या कुठल्याही फळीपेक्षा ती सुंदर होती. मामाच्यापेक्षाही होती. त्याला दरदरून घाम फुटला. वाईट झाली असती तर नालुबूने ती फेकून दिली असती. आता ती होडीला लागणार होती, आणि इसाया तिच्यामागे बसणार होता.

*

फळी पुरी झाली त्याच आठवड्यात पर्यटकांची मोठी बोट आली आणि तिच्यातून डेनिस उतरली. ऑस्ट्रेलियात केर्न्सला तिची कलादालनं होती. वर्षातून दोनदा यायची, तोबागीचे वाडगे न्यायची, भाव पाडून मागायची नाही. बाई बरी होती. पुस्तकं वाचून वाचून तिला किताव्याबद्दल किताव्यापेक्षा जास्त कळत होतं, पण त्याला कुणाचा इलाज नव्हता.

तोबागीने तिला आडोशामागे नेलं. बाईने जायचं नाही हा नियम त्याने पहिल्यांदा मोडला, कारण त्याच्या डोक्यात एक बेत शिजला होता. फळी हिला विकायची. नालुबूला सांगायचं, तडकली. मग पाठ, डोळा, अंगठा, काहीही. इसाया घरी राहील.

डेनिसने फळी पाहिली आणि ती नारळाच्या ओंडक्यावर बसली.

"ही पाण्यात जाणार?" तिने विचारलं. "मिठात, उन्हात? तोबागी, हे पाप आहे. ही पांढऱ्या भिंतीवर पाहिजे. एकटी. वरून दिवा सोडलेला."

"भिंतीवर ती काय करील?"

"काही नाही करणार. तेच तर म्हणते मी. वस्तूचं काम संपतं ना, तिथून कला सुरू होते. होडीला लावलीत तर ती होडीचा भाग. भिंतीवर लावली की ती फक्त स्वतः असते. माणसं येतील, समोर उभी राहतील."

"गुडघे ढिले होतील त्यांचे?"

ती हसली. "माझे झाले की. बसले ना मी?"

तिने आकडा सांगितला. सहा हजार किना. तोबागीने आयुष्यात एवढे एकरकमी पाहिले नव्हते. मग तिने पिशवीतून एक छापील कार्ड काढलं. त्यावर त्याचा फोटो होता आणि खाली लिहिलेलं होतं की हा कलाकार विधिपूर्वक मंत्रदीक्षा घेतलेला असून आपल्या परंपरेतला शेवटचा आहे. "इथे तेवढी सही करा. वस्तूबरोबर जातं हे."

तोबागी कार्डाकडे पाहत राहिला. इतकी वर्षं त्याला एका गोष्टीचा आधार होता. गावातले लोक मंत्राला मानतात, पण बोटीतून येणारे गोरे लोक हाताला मानतात, असं तो धरून चालला होता. त्या वाडग्यांपुरता तरी तो कुणाला फसवत नव्हता.

"आणि समजा," तो म्हणाला, "हे लिहिलं नाही तर? मंत्र नाही, बिंत्र नाही. नुसता हात. चांगला हात."

"मग ती आठवण म्हणून न्यायची वस्तू. तसल्या तुमच्या किनाऱ्यावर शंभर पडल्यात. साताठशे किना येतील फार तर."

"फळी तर हीच ना?"

"फळी हीच हो. पण आपण कशापुढे उभे आहोत हे लोकांना कळायला नको का?"

तोबागीला मनापासून राग आला. दोन्हीकडच्या लोकांना मंत्रच हवा होता. एकाला जीव वाचवायला, दुसऱ्याला भिंतीवर लावायला. त्याच्याजवळ जी एक गोष्ट खरी होती, अकरा वर्षं शिकलेला आणि बावीस वर्षं झिजवलेला हात, तिला जगात कुठे गिऱ्हाईक नव्हतं.

"विकायची नाही," तो म्हणाला. "होडीची आहे ती."

डेनिसला त्यात फार मोठं काही तरी दिसलं आणि तिचे डोळे भरून आले. बोट भोंगा वाजवून निघून गेली तेव्हा तोबागी किनाऱ्यावर उभा होता. रागाच्या भरात त्याने एकुलती एक सुटका हातची घालवली होती.

*

फळी होडीवर चढली. दोऱ्या नव्या होत्या, त्या तोबागीने स्वतः दोनदा ओढून पाहिल्या. गावचे म्हातारे येऊन समोर उभे राहिले. कुणी वाहवा केली नाही, तशी करायची नसतेच. एक जण तोंड फिरवून थुंकला, हे चांगलं लक्षण होतं.

"माझ्या तोंडाला कोरड पडली," नालुबू त्याच्या कानात म्हणाला. "मोरुबियाने तुला सगळं दिलं रे. काही मागे ठेवलं नाही."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तोबागी इसायाला गाठायला गेला. सांगायचंच, असं ठरवून गेला. इसाया धाकट्या लेकीला मांडीवर घेऊन तिच्या पायातला काटा काढत होता. बायको बाजूला कोनफळं टोपलीत भरत होती, प्रवासासाठी.

"मामा, ये. काय झालं? तोंड का असं?"

"उद्या वारा बरा नाही वाटत."

"वायव्येचा आहे. इवा बेटापर्यंत असाच राहील, नालुबू म्हणतो. आणि तुझी फळी आहे की पुढे." इसायाने काटा काढला आणि लेकीला सोडलं. "खरं सांगू, मागच्या खेपेला मला भीती वाटली होती. या खेपेला नाही वाटत."

तोबागी जिभेवर आलेलं गिळून बसला. आता हे सांगायचं म्हणजे इसायाची भीती त्याच्या हातात परत द्यायची, आणि जायचं तर त्याला होतंच. नाळेवरचा माणूस आदल्या दिवशी नाही म्हणाला तर त्याचं नाव बेटावर कुणी घेत नाही.

"मी पण येतो," तोबागी म्हणाला.

इसाया मोठ्याने हसला. मामाला खाडीतल्या पाण्यातसुद्धा उलट्या होतात हे पोरासोरांनाही माहीत होतं. बोमावीने संध्याकाळी विचारलं, "कशाला जातोयस मरायला?" त्यावर तो म्हणाला की फळी नीट बसलीय की नाही ते बघायचंय. खरं कारण एवढंच होतं की बुडायचं झालं तर त्याला किनाऱ्यावर उभं राहून वाट बघायची नव्हती. ते त्याच्याने झालं नसतं.

*

सातजण होते. निळ्या प्लास्टिकच्या कापडाचं शीड वाऱ्याने गच्च भरलं आणि किताव्याची टेकडी मागे पडली. तोबागी सकाळभर होडीच्या कडेवर पालथा होता. पोटातलं कोनफळ गेलं, मग पाणी गेलं. मागे सुकाणूवर नालुबू बसला होता आणि गाणं म्हणत होता.

दुपारी मागची बाजू काळी झाली. आधी गाणं थांबलं. मग वारा थांबला, आणि मग एकदम आला. शिडाची दोरी अडकली, सुटेना. उलांडी, होडीच्या बाजूला तोलासाठी बांधलेला ओंडका, पाण्यातून वर उचलली गेली आणि सगळी होडी एका अंगावर झुकली. दोघं उलांडीवर जाऊन बसले तेव्हा ती खाली आली, पण तोवर आत गुडघाभर पाणी भरलं होतं. पाऊस आडवा लागत होता. उघड्या डोळ्यांनी काही दिसत नव्हतं.

"तोबागी," नालुबू मागून ओरडला. "पुढे जा. फळीपाशी जा. म्हण."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. सहा माणसांचे डोळे, आणि त्या डोळ्यांत भीतीपेक्षा भरवसा जास्त होता. तोबागीला त्या भरवशाची सर्वांत जास्त भीती वाटली. तो पाण्यातून रांगत नाळेपाशी गेला. इसाया तिथे तेलाच्या कापलेल्या डब्याने पाणी उपसत होता. त्याने सरकून जागा दिली.

तोबागीने दोन्ही हातांनी फळीला मिठी मारली आणि कपाळ लाकडाला टेकवलं. म्हणायला काही नव्हतं. त्याने तोंड उघडलं, आणि जे होतं ते बाहेर पडलं.

"मामा, तू मला काहीच दिलं नाहीस. माझ्या पोटात काही नाही. भूक आहे, भीती आहे, दुसरं काही नाही. ही फळी नुसत्या हाताची आहे. डावीकडून घेतली, उजवीकडून घेतली. साप माझा, पक्षी माझा, लाट माझी. मी खोटं बोललो. या पोरांचा दोष नाही. न्यायचं तर मला ने."

लाट डोक्यावरून गेली. खारं पाणी थुंकून त्याने पुन्हा तेच म्हटलं. दुसरं काही सुचत नव्हतं. दात वाजत होते, म्हणून शब्द तुटत होते, पण क्रम तोच राहिला. बावीस वर्षं ते वाक्य त्याच्या आत याच क्रमाने पडून होतं. किती वेळा म्हटलं ते त्याला कळलं नाही. मागचे लोक ओरडत होते, कुणी तरी कोयत्याने शिडाची दोरी तोडली, शीड कोसळलं, होडी सरळ झाली.

मग पाऊस पुढे निघून गेला. जानेवारीतली झड तशीही एवढाच वेळ टिकते. होडीतल्या कुणाच्या मनात मात्र तो विचार आला नाही.

नालुबू रडत होता. "ऐकलं त्यांनी," तो म्हणत होता. "ऐकलं."

तोबागी फळीला टेकून बसला. अंगातलं सगळं त्राण गेलं होतं, पण छातीवरचा दगडही गेला होता. शेवटी त्याने सांगितलं होतं. वाऱ्यात मागे कुणाला ऐकू गेलं नसेल, पण इसाया हातभर अंतरावर होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तोबागीने त्याच्याकडे पाहिलं. इसायाने नजर वळवली आणि तो पुन्हा पाणी उपसू लागला.

संध्याकाळपर्यंत, इवाचा कडा दिसेपर्यंत, इसाया त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. त्याचे ओठ मधूनमधून हलत होते. तोबागीला वाटलं, हा नालुबूला कसं सांगायचं ते जुळवतोय. आणि छातीवरून गेलेला दगड परत आला.

इवाच्या किनाऱ्यावर नालुबूचा देवघेवीचा सोबती उभा होता, एक रागीट म्हातारा. होडी वाळूला लागली. म्हाताऱ्याने फळी पाहिली, हातातली काठी खाली टाकली आणि तो वाळूत बसला. लोक हसले, ओरडले. नालुबूने तोबागीला मिठी मारली. तोबागीचं तिकडे लक्ष नव्हतं. तो इसायाला शोधत होता. इसाया जेवायलाही आला नाही.

*

सकाळी उन्हं वर आल्यावर इसाया आला आणि म्हणाला, "मामा, जरा इकडे ये."

ते केवड्याच्या बनापलीकडे गेले. तोबागीने ठरवलं होतं, नाकारायचं नाही. इसायाने मारलं तर मार खायचा. लोकांना बोलावलं तर लोकांसमोर पुन्हा सांगायचं. किताव्यावर परतल्यावर काय होईल, बोमावी कुठे तोंड दाखवील, याचा विचार त्याने रात्रभर केला होता आणि तो विचार आता थकून गेला होता.

इसाया मांडी घालून बसला. त्याने मामासमोर पानावर एक सुपारी ठेवली, नवी, न फोडलेली. मग मान खाली घातली.

"रागावू नकोस. तुला न विचारता घेतलंय मी."

"काय घेतलंस?"

इसायाने डोळे मिटले. आवाज खाली आणला, नाकातून थोडा लांबवला, जसा अशा वेळी लांबवतात तसा.

"मामा, तू मला काहीच दिलं नाहीस. माझ्या पोटात काही नाही. भूक आहे, भीती आहे, दुसरं काही नाही..."

तोबागीच्या अंगावर काटा आला. सकाळचं ऊन होतं, समुद्र शांत होता, आणि तरी कालच्या पाण्यात वाटली नव्हती इतकी भीती त्याला त्या क्षणी वाटली. आपलेच शब्द समोरून येत होते आणि ते ओळखू येत नव्हते. ते जुने वाटत होते.

"...न्यायचं तर मला ने," इसायाने संपवलं आणि डोळे उघडले. "काल दिवसभर घोकलं. एवढंच आहे की अजून आहे?"

"इसाया, ऐक. ते मंत्र-बिंत्र नाही. मला मामाने खरंच काही दिलं नाही."

"हो," इसाया म्हणाला. "तिथूनच सुरू होतं."

"अरे, मी खोटं बोललो इतकी वर्षं."

"ते सातवं," इसाया म्हणाला. "लाट माझी, त्याच्यानंतर." मग त्याला वाटलं की मामाला राग आलाय, म्हणून तो घाईघाईने म्हणाला, "तुझ्याआधी मी ते वापरणार नाही, मामा. पण नालुबूच्या भावाची होडी पुढच्या वर्षी व्हायचीय. फळी मी करीन म्हणतो. माझा थोरला त्या होडीवर जाईल तेव्हा माझ्याजवळ द्यायला काही तरी पाहिजे ना?"

खरं सांगायला जेवढे शब्द लागतात तेवढे सगळे मंत्रात गेले होते. एकही बाहेर उरला नव्हता. बनापलीकडे नालुबू तोबागीचं नाव घेऊन हाका मारत होता.

"नीट आलं की नाही तेवढं बघ," इसाया म्हणाला. "चूक राहायला नको. माणसं बसणार आहेत त्याच्यामागे."

त्याने पुन्हा डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तोबागी कान देऊन ऐकत राहिला, कुठे तरी चुकेल म्हणून. इसायाचा एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही.